आक्का लिफ्टवरून उतरली नाही

आक्का जपानला आली ती झोपायला, असं मी आजही म्हणते आणि ती हसते. पण त्यात गंमत थोडी आणि खरं जास्त आहे.

ती माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी. लातूरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. आमचं मूळ गाव कंधारकडचं. बहात्तरच्या दुष्काळात ती मायच्या मागं मागं खडीच्या कामावर जायची, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पुढं लातूर जिल्हा नवा झाला. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या, टेबलं-खुर्च्या आल्या, आणि ती पुसायला, फायली या खोलीतून त्या खोलीत न्यायला माणसं लागू लागली. त्यात आमच्या वडिलांना शिपायाची नोकरी मिळाली. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. एका ट्रकमध्ये पत्र्याची पेटी, जातं, दोन गोधड्या आणि आम्ही सगळे असे लातूरला आलो. नव्या जिल्ह्याचं सगळ्या शहराला कौतुक होतं. जो तो सांगायचा, आता इथं हे होणार, ते होणार. आमच्या घरात त्याचा अर्थ एवढाच झाला की मी चांगल्या शाळेत गेले आणि आक्का नर्सिंगला गेली. तिला खरं तर शिक्षिका व्हायचं होतं. पण माय कायम आजारी, आणि नर्सिंगचा पगार लवकर सुरू व्हायचा. त्या पगारावर मी इंजिनिअर झाले आणि इकडं जपानला आले. ती तिथंच राहिली, वॉर्डात.

ज्या दुष्काळात लातूरचं नाव देशभर झालं, त्या वर्षीचा हा हिवाळा. धरण दिवाळीआधीच तळाला गेलेलं. नळ आधी आठवड्यातून एकदा आला, मग पंधरवड्यातून, मग कधी येईल ते कुणी सांगेना. आक्काची गल्ली चढावर, त्यात घर शेवटचं. टँकर खालीच रिकामा व्हायचा. दाजींच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना घागर उचलायची बंदी. मुलगा पुण्याला शिकायला. म्हणजे ड्यूटी आक्काची आणि पाणीही आक्काचंच. ती झोपायची तीसुद्धा एक कान गल्लीत ठेवून. मी रविवारी फोन केला की बोलता बोलता तिचा आवाज बंद व्हायचा आणि मला नुसता श्वास ऐकू यायचा. मी "आक्का, आक्का" करायचे. ती दचकून म्हणायची, "हाव, हाव, ऐकून राहिले ना. बोल तू."

मी तिला बरीच वर्षं बोलवत होते. दर वेळी काहीतरी निघायचं. त्या वर्षी दाजींचाच फोन आला.

"तुमच्या बहिणीला घेऊन जा थोडे दिवस," ते म्हणाले. "काल सलाईन लावता लावता डोळा लागला म्हणे तिचा. उभ्या उभ्या. दुसऱ्या सिस्टरनं धरलं म्हणून बरं."

"आणि पाणी?"

"माझी बहीण येते मुदखेडहून. ती म्हणली, वहिनीला जाऊ द्या."

अशी आक्का जानेवारीत हैदराबादहून विमानात बसली आणि माझ्याकडं आली. बॅगेत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, माझ्यासाठी दोन साड्या, ज्या मी कुठं नेसणार हे तिलाही माहीत नव्हतं. घर बघितलं, चहा घेतला, आणि झोपली. मी सकाळी ऑफिसला जाताना झोपलेली, रात्री आले तरी झोपलेली. मधे उठून भाकरी करून ठेवायची, मी खायचे, आणि ती पुन्हा आडवी. मी पहिल्या दिवशी घाबरले. डॉक्टरला दाखवावं का, असं विचारलं. ती डोळे न उघडता म्हणाली, "मलाच कळत न्हाई का? काय झालेलं न्हाई. झोप हाय ही. लई दिवसाची साठलेली."

मला मात्र तिला काहीतरी दाखवायचं होतं. एवढ्या लांबून आलेली बहीण माझ्या एका खोलीच्या भिंती बघून परत जाणार, हे मला सहन होईना. माझ्याकडं दाखवण्यासारखं म्हणजे एकच गोष्ट होती. मी इकडं स्की शिकले होते. फार चांगलं नाही, पण शनिवार-रविवारी बर्फात एकटीनं जायचं, दिवसभर घसरायचं, आणि सोमवारी पुन्हा ऑफिसात डोकं घालायचं, असं तीन-चार हिवाळे चाललं होतं. ऑफिसच्या कामात मीही पिळून निघत होते. पण ते मी कुणाला सांगत नव्हते. सांगायला कोण होतं म्हणा.

नावाजलेल्या ठिकाणी फार गर्दी. ऑफिसातल्या एका वयस्क सहकाऱ्यानं मला त्याच्या गावाकडच्या दोन टेकड्या सांगून ठेवल्या होत्या. निगाता प्रांतात, मोठ्या स्टेशनापासून आत. एक टेकडी गावाचीच, शाळेच्या पोरांसाठी केलेली. दुसरी पलीकडच्या खोऱ्यात, जुनी, बंद पडायला आलेली. "तिथं लिफ्ट हळू चालते, पण बर्फ असं पडतं की विचारू नका," तो म्हणाला होता. मी दोन दिवसांचा बेत ठरवला.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. तिला मी दोन स्वेटर, माझा जाड कोट आणि तिची स्वतःची लातूरची मंकी कॅप घालायला लावली. वेगवान गाडीत ती खिडकीपाशी बसली आणि लगेच झोपली. डोंगर आले, बर्फ आलं, घरांच्या छपरांवर माणसाच्या उंचीचे थर आले. मी दोनदा तिच्या खांद्याला हात लावला. "आक्का, बघ तरी." ती "हं" म्हणाली आणि मान दुसरीकडं टाकून झोपली. पुढं गाडी बदलून दोन डब्यांच्या गाडीत बसलो, तिथंही तेच. समोरच्या एका बाईनं माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "आई का?" मी म्हणाले, "बहीण." आणि मग वाटलं, आईच म्हटलं असतं तरी चाललं असतं.

छोट्या स्टेशनावर लॉजच्या मालकीणबाई छोटी व्हॅन घेऊन आल्या होत्या. सत्तरीच्या, बुटक्या, पायात गमबूट. त्यांनी आमच्या बॅगा स्वतःच उचलल्या. गावातला रस्ता ओला. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि मधोमध रस्त्यातच बसवलेल्या तोट्यांतून पाण्याचे छोटे छोटे फवारे उडत होते. सगळ्या रस्त्यावर, लांब वळणापर्यंत. रस्ता त्या पाण्यातल्या लोहानं तांबूस झालेला.

आक्का जागी झाली ती इथं.

"पाइप फुटला का गं?" ती म्हणाली.

"न्हाई. बर्फ साचू नये म्हणून पाणी सोडतात. जमिनीतलं पाणी जरा कोमट असतं ना, बर्फ वितळतं त्यानं."

"जमिनीतलं म्हणजे? बोअरचं?"

"हाव."

"आणि असंच वाहून राहिलं? दिवसभर?"

मी मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बर्फ पडत असेल तर दिवसरात्र."

आक्का म्हणाली, "थांबवा म्हन गाडी."

मला वाटलं तिला मळमळतंय. व्हॅन थांबली. ती उतरली, रस्त्याच्या कडेला गेली आणि वाकून एका फवाऱ्यावर तळवा धरला. पाणी तिच्या बोटांमधून उडून कोटावर, चेहऱ्यावर आलं. ती तशीच वाकून राहिली. मग खरंच इकडंतिकडं बघायला लागली, वॉल्व कुठं आहे ते. वर्षभराची सवय होती ती. वाहतं पाणी दिसलं की बंद करायला हात आपोआप पुढं जायचा.

"आक्का, चल. बूट भिजले तुझे."

"कुणी काही बोलत न्हाई का यांना?"

"कशाला बोलतील? इथं पाणी हाय."

ती सरळ झाली. राग नव्हता तिच्या तोंडावर. मला आधी तो राग वाटला, मग दिसलं की नाही. अंगातलं काहीतरी उतरून गेलं होतं. वॉर्डातून घरी आल्यावर ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायची, तशी दिसत होती. व्हॅनमध्ये बसली आणि म्हणाली, "तुझ्या दाजींना सांगू नको हे. त्यांना उगं तरास होईल."

मी नाही सांगितलं.

दुपारी गावच्या टेकडीवर गेलो. तिला मी स्कीचे बूट घालून बघायला लावले. त्या कडक बुटात तिची पोटरी बसेना. तिथली दोन माणसं मिळून बकल ओढत होती आणि ती म्हणत होती, "प्लास्टर घालून राहिले का माझ्या पायाला?" शेवटी ती म्हणाली, "तू जा. मी इथं कँटीनात शेगडीपाशी बसते." शाळेची पोरं घसरत होती, एक लिफ्ट घरघरत होती. मी वर गेले. बर्फ सकाळीच पडलेलं, गुडघ्याएवढं, चाळलेल्या पिठासारखं. अशा बर्फात स्कीचा आवाज येत नाही. आपलाच श्वास ऐकू येतो आणि मागं वळून बघितलं की आपली रेघ दिसते. एरवी मला त्यात सगळं विसरायला होतं. त्या दिवशी नाही झालं. दर फेरीला खाली आले की कँटीनच्या काचेतून बघायचे. ती टेबलावर डोकं ठेवून झोपलेली. तिसऱ्या फेरीला कुणीतरी तिच्या अंगावर चादर टाकली होती.

मला वैताग आला. मनात म्हणाले, मुंबईचं तिकीट काढून हॉटेलात झोपवली असती तरी चाललं असतं. मग माझं मलाच कसंतरी झालं आणि मी स्की काढून तिच्या शेजारी जाऊन बसले.

संध्याकाळी लॉजवर मालकीणबाईंचे यजमान छपरावर चढून बर्फ लोटत होते. फावड्यानं चौकोनी ठोकळे कापायचे आणि खाली ढकलायचे. ते ऐंशीला टेकलेले. आक्का खिडकीतून बघत राहिली.

"रोज करावं लागतं का हे?" तिनं मला विचारायला लावलं.

मालकीणबाई म्हणाल्या, "रोज. न काढलं तर छप्पर बसेल. मार्चपर्यंत असंच."

"बेजार होत असतील."

'बेजार' मला जपानीत काही नीट सांगता आलं नाही. मी 'फार दमत असाल' असं म्हणाले. त्या हसल्या. "दमतो. मुलगा म्हणतो, शहरात चला. आम्ही म्हणतो, पुढच्या हिवाळ्यात बघू. असे किती हिवाळे गेले."

जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात त्यांचं लाकडी देव्हाऱ्यासारखं कपाट होतं. आत बुद्धाची छोटी मूर्ती, भाताची वाटी, कुणा गेलेल्या माणसाचा फोटो. आक्कानं ती मूर्ती पाहिली आणि पदर नसतानाही पदर सावरल्यासारखा हात खांद्याकडं नेला. गुडघे टेकून बसली, हात जोडले आणि हळू आवाजात वंदना म्हणाली, घरी रोज सकाळी म्हणते तशी. मालकीणबाई ताट घेऊन येता येता थांबल्या. त्यांना त्यातला एकही शब्द कळण्यासारखा नव्हता. संपेपर्यंत त्या उभ्या राहिल्या, मग ताट ठेवलं आणि त्यांनीही हात जोडले.  त्यानंतर आक्काच्या भाताच्या वाटीत दर वेळी जरा जास्त भात यायला लागला.

तिथलं अंघोळीचं कुंड मोठं, गरम झऱ्याचं. सगळ्या बायका एकत्र बसतात, अंगावर कपडा न ठेवता. हे सांगितल्यावर आक्का दारातच अडली. "बया! मी न्हाई येणार." लॉजवर आम्ही दोघीच पाहुण्या आहोत, हे पटवून तिला आत नेलं. ती काठावर बसली, पाय पाण्यात सोडून. गळ्यापर्यंत उतर म्हटलं तर म्हणाली, "एवढ्या पाण्यात बसवत न्हाई मला. घाण करून राहिल्यासारखं वाटतं."

"अगं, हे जमिनीतून गरमच येतं आणि नदीला जाऊन मिळतं. तू बसलीस काय आणि न्हाई बसलीस काय."

बराच वेळ तशीच राहिली. मग हळूहळू उतरली. कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. पण ती डोळे मिटूनच म्हणाली, "तू लई वाळलीस गं."

"मी?"

"पाठीची हाडं दिसायलीत. मी इतके दिवस झाले बघून राहिले. घरी येती तेव्हा तोंड कसं होतं तुझं, आरशात बघ कधी. आणि त्या बर्फात कशाला जाती एकटी? कुणी सोबत न्हाई, काही न्हाई. पडली-झडली तर?"

मी म्हणाले, मजा येते. ती म्हणाली, "मजेला गेलेलं माणूस असं दिसत न्हाई." पाण्याच्या वाफेत तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. मी वर छताकडं बघत राहिले. 

रविवारी पलीकडच्या खोऱ्यात गेलो. मालकीणबाईंनीच सोडलं. ती टेकडी खरोखर बंद पडायला आलेली. तिकिटाच्या खिडकीचा रंग उडालेला, आम्ही धरून दहा-बारा माणसं. वर जायची लिफ्ट म्हणजे तारेला टांगलेल्या एकेका माणसाच्या लोखंडी खुर्च्या. समोर दांडी नाही, काही नाही. आणि बर्फ पडत होतं, शांत, मोठं.

आक्का म्हणाली, "ह्याच्यात बिनबुटाचं बसता येतं का?"

मला आश्चर्य वाटलं. लिफ्टच्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, वर जाऊन उतरा, वर छोटी खोली आहे, तिथून नजारा बघा आणि परत बसून या. मी आक्काला तीन वेळा समजावलं: वर पाटी येते, पाटी आली की उभं राहायचं आणि डावीकडं चालायचं. ती म्हणाली, "मला काय कळत न्हाई का?" खुर्ची मागून आली, ती बसली, आणि पाय हलवत वर गेली. मी तिच्या मागच्या खुर्चीत.

वर पाटी आली. वरच्या माणसानं हात केला. आक्का उठली नाही. मी मागून ओरडले, "आक्का, उतर!" ती तशीच बसून राहिली. खुर्ची मोठं चाक फिरून वळली आणि ती माझ्याकडं तोंड करून खाली निघाली. मी उतरले होते. आमची नजरानजर झाली तेव्हा ती म्हणाली, "राहू दे गं."

वरचा माणूस हसायला लागला. त्यानं खाली फोन लावला. काय बोलले कोण जाणे, पण लिफ्ट थांबवली नाही. मी स्की करत खाली गेले तोवर ती खालचं चाकही फिरून पुन्हा वर निघाली होती. खालचा म्हातारा मला म्हणाला, "बसू द्या त्यांना. खुर्च्या रिकाम्याच जातात."

दिवसभर ती त्या खुर्चीत बसली. मधे एकदा चहाला आणि एकदा बांधून आणलेली भाकरी खायला उतरली, तेवढीच. मंकी कॅपवर बर्फ, मांडीवर बर्फ. झाडांच्या वरून खुर्ची जायची. मी खाली घसरत असले की वरून आवाज यायचा, "ए, सावकाश!" त्या सगळ्या डोंगरात मराठी ओरडणारी एकटी तीच.

दुपारनंतर मी लिफ्टखालच्या मोकळ्या भागात गेले, जिथं कुणी गेलेलं नव्हतं. बर्फ मांडीपर्यंत. दोन वळणं झाली आणि पुढं टोक रुतलं. मी डोक्यावर पडले. उठले तर एक स्की पायात, दुसरी गायब. असल्या भुसभुशीत बर्फात हरवलेली स्की उन्हाळ्यात सापडते म्हणतात. मी हातानं उकरायला लागले. काठीनं खुपसून बघितलं. हात बधिर झाले.

वरून आक्काची खुर्ची आली.

"काय झालं?"

"स्की हरवली!"

"तिकडं कशाला उकरून राहिली? वर गेली ती! तू पडली त्याच्या वर!"

"कुठं वर?"

"डाव्या हाताला! त्या झाडापाशी... अगं, डाव्या!" आणि खुर्ची तिला घेऊन पुढं गेली. ती मागं वळून हात दाखवत राहिली. मी झाडापर्यंत चढले. नाही मिळाली. काही वेळानं ती उतरत्या बाजूनं आली.

"सापडली का?"

"न्हाई!"

"आणखी वर म्हनलं ना! अशी, अशी..." ती खुर्चीतून इतकी वाकली की मी ओरडले, "पडशील!" आणि मग ती हसायला लागली. मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता. मी कमरेएवढ्या बर्फात उभी, एका पायात स्की, टोपी गेलेली, आणि माझी बहीण हवेत लटकत हसत हसत खाली चाललेली. मलाही हसू आलं आणि हसता हसता मी पुन्हा बसकण मारली. ती त्यानंतरच्या फेरीला आली तेव्हा स्की मिळाली होती. तिनं सांगितली होती त्या जागी नव्हे, भलतीकडं. ती म्हणाली, "मी तेच सांगून राहिले होते."

परतीच्या गाडीत ती जागी होती. बाहेर अंधार पडत होता. तिनं लॉजवाल्या बाईंनी दिलेलं संत्रं सोललं, अर्धं मला दिलं आणि म्हणाली, "मी नोकरी सोडून राहिले."

मी म्हणाले, "काय?"

"स्वेच्छानिवृत्ती घेते."

"आक्का, अजून किती वर्षं आहेत तुझी. आणि मुलाचं शिक्षण?"

"ते होईल. तुझे दाजी हायत, तू हायस." तिनं एक फोड तोंडात टाकली. "त्या खुर्चीत बसले ना, तवा कळलं मला. वॉर्डात सिस्टर, सिस्टर. घरी आलं की गल्लीतून, टँकर आला हो, आला. तिथं वर कुणी हाक मारली असती तरी मला उतरता आलं नसतं. म्हणून उतरले न्हाई. मुद्दाम न्हाई उतरले. कधीपासून असं बसले न्हाई मी. आठवून बघितलं. आठवत न्हाई."

मी तिला समजावत राहिले. अजून थोडं थांब, घाई करू नको, दुष्काळ जाईल. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "दुष्काळानं न्हाई दमले मी. दुष्काळ तर आता आला." आणि साल रुमालात गुंडाळून ठेवली. 

ती लातूरला परत गेली आणि लगेच काही सोडलं नाही. उन्हाळा भयंकर आला. पाणी रेल्वेनं आणायला लागले, टाक्यांपाशी बायकांचे तांडे उभे राहायला लागले. वॉर्ड ऊन लागलेल्या, जुलाब झालेल्या माणसांनी भरून गेला. "आत्ता कशी सोडू," ती फोनवर म्हणाली. "पोरी दमून गेल्यात सगळ्या." मला वाटलं, राहिलं. तिचं नेहमीसारखं राहिलं. पण पावसाळा बरा गेला, दिवाळी झाली, आणि तिनं अर्ज दिला. वरच्या माणसांनी समजावलं, सोबतच्या सिस्टर रडल्या, मुलगा चिडला. तिनं अर्ज मागं घेतला नाही.

पुढच्या वर्षी ते दोघं मुदखेडला राहायला गेले, दाजींच्या बहिणीच्या शेजारी. घर लहान, पण दारात बोअर आणि बोअरला पाणी. कधी कधी गल्लीतलं कुणी बीपी बघायला येतं, ते ती बघते. एरवी कुणी सिस्टर म्हटलं तर ओ देत नाही म्हणे.

मी त्यानंतरच्या डिसेंबरात थोड्या दिवसांची सुट्टी काढून गेले. आक्का जाड झाली होती. बोलणं संथ झालं होतं. मी तिच्याशी ऑफिस सोडावं का, असं बोलायला लागले की ती म्हणायची, "मग काय ठरवलं तू?" आणि मी म्हणायचे, "बघू." दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

निघायच्या दिवशी ती मला स्टेशनवर सोडायला आली. मुदखेडच्या फलाटावर ऊन पडलं होतं. एरवी मला निरोप देताना ती आधी एक दिवस रडायची आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहायची. या वेळी तिनं डबा दिला, डोक्यावरून हात फिरवला आणि घड्याळ बघितलं. म्हणाली, "जाते गं मी. घरी मटकीला मोड आलेत, नणंदबाई वाट बघून राहिली असंल." गाडी हलायच्या आधीच ती वळली आणि जिन्याकडं चालायला लागली. मी खिडकीतून तिची पाठ बघत होते. चालण्यात घाई नव्हती. मग गाडी सुटली. मी डबा मांडीवर ठेवला, चपला काढल्या आणि पाय वर घेऊन बसले. हैदराबाद अजून लांब होतं.